उशीसह वाद्यं जमा करावीत

पैज लागली ती जिन्यात, आणि तिला कारण झाला डॉक्टरांचा डावा बूट.

हे डॉक्टर म्हणजे आमच्या समोरच्या दारातले, दातांचे. दिवसभर दुसऱ्याला तोंड उघडायला लावतात आणि घरी आल्यावर स्वतःचं मिटत नाहीत. त्या आठवड्यात मी आमच्या इमारतीच्या फलकावर एक साधा कागद लावला होता. ‘जिन्याच्या पायऱ्यांच्या झिजेची मोजणी चालू आहे. प्रत्येक घरातून एक डावा बूट सकाळी आठपर्यंत सेक्रेटरींच्या दाराशी ठेवावा. उजवा चालणार नाही.’ एवढंच. धमकी नाही, सही नाही. आठ वाजता सेक्रेटरी दूध घ्यायला दार उघडतात तर समोर चौदा डावे बूट ओळीत उभे. डॉक्टरांनी तर बुटाला पॉलिश करून आत चिठ्ठी ठेवली होती, ‘झीज टाचेकडे जास्त आहे, कृपया नोंद घ्यावी.’

आता यात मी कुणाचं काय वाईट केलं? पण डॉक्टर संध्याकाळी जिन्यात मला आडवे आले.

“मीटर,” ते म्हणाले. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस आहे, सत्तावीस वर्षं झाली, त्यामुळे माझं खरं नाव आता माझ्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागतं. “मीटर, हे व्यसन आहे. तुम्हाला सुटणार नाही.”

“मनात आणलं तर आत्ता सोडीन.”

“तीन दिवस. फक्त तीन दिवस एकही खोडी न काढता राहून दाखवा.”

“कधीपासून?”

“पुढच्या शुक्रवारपासून. लोकसंगीताच्या मेळ्याचे तीन दिवस. मी शेजारच्याच तंबूत असणार आहे. डोळ्यात तेल घालून.”

जिना म्हणजे आमच्याकडचं सभागृह. दोन मिनिटांत चार मजल्यांची माणसं कठड्याला टेकली. वरच्या मजल्यावरच्या काकूंची डावी सपात त्या चौदांत होती, आणि ती परत मिळाली तेव्हा सेक्रेटरींच्या कुत्र्याने तिचा पुढचा भाग संपवला होता. त्या वरूनच ओरडल्या, “जो हरेल त्याने फाटकापाशी डोक्यावर बादली घालून नाचायचं! मेळ्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला, सगळे खाली असतात तेव्हा!”

“किती वेळ?” मी विचारलं. व्यवहारात आधी विचारलेलं बरं.

“नावाड्याचं गाणं संपेपर्यंत!”

चारी मजल्यांनी कठड्यावरून वाकून माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. कारण नावाड्याचं गाणं आमच्या इमारतीला पाठ आहे, आणि ते आमच्या स्वयंपाकघराच्या बंद खिडकीतूनच पाठ झालंय. जुनं लोकगीत आहे. एका नावाड्याचं वल्हं हरवतं. तो ते प्रत्येकाला विचारत सुटतो, माशाला, बगळ्याला, धोबिणीला, सासूला. अकरा कडवी विचारतो. अकराव्यात सासू सांगते, अरे, तुझ्या हातात काय आहे? या गाण्यावर नाचायचं म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने गुडघ्यांचा निरोपच घ्यायचा.

“मंजूर,” मी म्हटलं.

खोडी कशाला म्हणायचं यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मास्तरांनी व्याख्या केली. मास्तर म्हणजे तळमजल्यावरचे टेलर. त्यांच्या दुकानात दर गुरुवारी शटर अर्धं ओढून आमचं लोकसंगीत श्रोता मंडळ भरतं. मला सोडून अकरा माणसं, एक इस्त्री आणि एक पेटी. मास्तरांनी खडूने कापडावर आखावी तशी व्याख्या आखली, “ज्या कृत्यामुळे दुसऱ्याला मागाहून आपण उल्लू बनलो असं वाटेल, ती खोडी.” डॉक्टरांनी ती एका छोट्या वहीत उतरवून घेतली. वहीच्या वर लिहिलं, ‘मीटर – नोंदी.’

घरात आलो तर बायको शेगडीवरचं भांडं उतरवत होती. म्हणाली, “ऐकलं सगळं. हे बघा, पैज जिंका नाहीतर हरा, मला देणंघेणं नाही. पण शनिवारी सकाळी दहा वाजता काही गडबड केलीत ना, तर बादली मी घालीन. तुमच्याच डोक्यात.”

शनिवारी सकाळी दहा म्हणजे काय ते सांगतो. मेळ्यात दोन मंच असतात. मोठ्या मंचावर नावाजलेले लोक, आणि लहान मंचावर आमच्यासारखी हौशी मंडळं. लहान मंचासाठी अर्ज करावा लागतो. आमच्या मंडळाने चार वर्षं अर्ज केला आणि चारही वर्षं ‘विचार करू’ असं उत्तर आलं. पाचव्या वर्षी आठ मिनिटं मिळाली. मास्तर पेटीवर आणि गळ्यावर, डॉक्टर बासरीवर, आणि डफावर आमची ही.

तो डफ तिच्या मावशीचा. मावशी गेली तेव्हा बाकीच्यांनी कपाट मागितलं, आरसा मागितला. हिने डफ मागितला. पन्नाशी गाठेपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी लावून, डफावर फडकं टाकून वाजवला तिने, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. अकरा कडवी आठ मिनिटांत बसवायला दोन महिने घड्याळ समोर ठेवून बसायची. चार माणसांसमोर वाजवायची ही पहिलीच वेळ. तेव्हा त्या दहा वाजण्याची मलाही धास्ती होती. फक्त मी ती दाखवत नाही, माझी एक प्रतिमा आहे.

तंबूत राहायचं हे इमारतीत कळलं आणि सल्ल्यांना नुसता ऊत आला. सेक्रेटरी म्हणाले, तंबूचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध ठेवा. त्यांचा मेहुणा म्हणाला, वाऱ्याकडेच ठेवा, नाहीतर घुसमट होते. काकूंनी मुंग्यांसाठी हळद, सापासाठी काठी आणि माझ्यासाठी शिट्टी दिली, म्हणजे शिट्टी बायकोला दिली, मी काही केलं तर वाजवायला. एका गृहस्थाने, जो जन्मात गादीखेरीज कशावर झोपलेला नाही, मला खुंटी कशी ठोकायची ते जिन्याच्या कठड्यावर ठोकून दाखवलं. तो कठडा अजून हलतो.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. एक मोठं क्रीडांगण, हिरवंगार गवत, आणि त्यावर चुन्याने आखलेले चौकोन. आम्हाला मिळाला चौकोन क्रमांक बावीस. पाच तंबू, त्यातला मोठा मधला वाद्यांचा. मी ठरवूनच गेलो होतो, तीन दिवस सज्जनपणाने वागायचं. नाकावर टिच्चून. तंबू उभारायचं सगळ्यात घाणेरडं काम मी स्वतःहून घेतलं, तर डॉक्टरांनी वहीत लिहिलं, ‘१२.४० – संशयास्पद मदत.’

मोठ्या तंबूची तिसरी खुंटी ठोकत होतो आणि हातोडा टण्णकन वाजला. माती अशी वाजत नाही. गवत बाजूला केलं तर खाली पितळेचं टोपण, मुठीएवढं. मी ते बघितलं आणि हातोडा खाली ठेवला. सत्तावीस वर्षं मी पाण्याच्या नळ्यांबरोबर काढलीत. ते होतं गवतावर पाणी मारायचं कारंजं. दिवसा जमिनीत लपून बसतं, पाण्याचा दाब आला की वर येतं आणि गोल फिरत फवारतं. मी गुडघ्यावर रांगत सगळा चौकोन तपासला. आमच्या पाच तंबूंखाली आणि मधे मिळून चौदा. त्यातलं एक बरोब्बर वाद्यांच्या तंबूच्या मधोमध.

कुंपणापाशी या कारंज्यांची पेटी होती. कुलूप होतं, पण जाळीतून आतली वेळेची तबकडी दिसत होती. अशी तबकडी मी डोळे मिटून वाचतो. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शनिवार. सकाळी पाच ते पावणेसहा.

मी धावत आलो. “ऐका, उद्या पहाटे पाचला या मैदानातून पाणी उडणार आहे! इथे खाली कारंजी आहेत!”

अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मग जे हसले, की बाजूच्या चौकोनातली मंडळीसुद्धा काय झालं म्हणून बघायला आली.

“जमिनीतून पाणी!” मास्तर डोळे पुसत म्हणाले. “मीटर, अहो, निदान आकाशातून तरी म्हणायचं.”

“मी खरं सांगतोय!”

“बुटांच्या वेळीसुद्धा चेहरा असाच होता,” डॉक्टर म्हणाले आणि घड्याळ पाहून लिहू लागले. मी ओरडलो, “लिहू नका, ही खोडी नाही!” ते म्हणाले, “म्हणून पेन्सिलने लिहितोय.”

मी त्यांना टोपण दाखवलं. मास्तर म्हणाले, हे तुम्ही घरून आणलंत. मी म्हटलं, जमिनीत गाडलेलं? तर म्हणाले, तुम्ही पाणीखात्यात आहात, तुम्हाला काय अवघड आहे. माझ्या खात्याने एवढ्या तत्परतेने काही गाडलं असतं तर शहराची दशा वेगळी असती.

मी बायकोकडे पाहिलं. चोवीस वर्षांचा संसार आहे. ती डफाला फडकं गुंडाळत होती. म्हणाली, “अहो, आजचा दिवस नको ना. उद्या दहाला मला मंचावर बसायचंय.”

तेवढं मात्र लागलं. म्हणजे बाकीच्यांनी हसावं, त्यांचा हक्क आहे, मी त्यांना पुष्कळ हसलोय. पण हिने?

मग मी सरळ मार्गाला लागलो. मंचामागच्या शाळेच्या इमारतीत मेळ्याची कचेरी होती. तिथे एक बाई बसल्या होत्या, समोर रजिस्टर, शाईची डबी आणि भला मोठा गोल शिक्का. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जमिनीच्या वरचं आमच्याकडे आहे. जमिनीच्या खालचं क्रीडा विभागाकडे.”

“पण पाणी खालून वरच येणार ना!”

“वर आल्यावर आमच्याकडे या.”

क्रीडा विभाग सोमवारी उघडणार होता. कारंज्यांच्या पेटीची किल्ली माळीबुवांकडे, आणि माळीबुवा मुलीच्या घरी गेलेले. तंबू हलवायचे असतील तर चौकोन बदलायचा फॉर्म, त्यावर चौकोनातल्या सगळ्या रहिवाशांच्या सह्या. मी फॉर्म घेऊन परत गेलो. सही सोडा, कुणी पेनाला हात लावेना. मास्तर म्हणाले, “या कागदावर सही केली की काय होतं? अंगठा निळा होतो?”

शेवटी मी तिथेच बाईंच्या टेबलाशी बसून रीतसर अर्ज लिहिला. ‘चौकोन २२ मध्ये उद्या पहाटे पाच वाजता जमिनीतून पाणी उडण्याचा संभव असून मी त्यास जबाबदार नाही.’ खाली कार्बन ठेवला, म्हणजे पोच म्हणून दुसरी प्रत मिळेल. बाईंनी दोन्ही कागदांवर न बघता धाडधाड शिक्के मारले, शिक्क्याच्या पोटात ‘आवक ७’ लिहिलं, वेळ घातली साडेचार, आणि एक कागद माझ्या हातात दिला.

बाहेर येऊन बघतो तर कागद कोरा. घाईत मी कार्बन उलटा लावला होता! अर्जाची सगळी अक्षरं अर्जाच्याच पाठीवर उमटली असणार, आणि माझ्या प्रतीवर काही नाही. स्वच्छ, पांढरा कागद. खाली कोपऱ्यात गोल, ठसठशीत, निळा शिक्का.

देवाने असा कागद माझ्या हातात द्यावा, आणि नेमका त्याच तीन दिवसांत!

मी तो घडी घालून खिशात ठेवला. शपथेवर सांगतो, ठेवला. पुन्हा सरळपणाने एक प्रयत्न केला. वाद्यांच्या तंबूत गेलो आणि त्या मधल्या कारंज्यावर आमची निळी बादली पालथी घालून वर दगड ठेवला. तोच बायकोने काकूंची शिट्टी वाजवली. डॉक्टर धावत आले. मास्तरांनी जाहीर केलं की यापुढे मी वाद्यांपासून दहा पावलं लांब राहायचं. पावलं डॉक्टरांनी मोजली, लांब टांगा टाकून. बादली उचलून बायको कपडे धुवायला गेली.

मी दहा पावलांवर गवतात बसलो. आत पेटी होती, जिचा भाता एकदा भिजला की परत सूर धरत नाही. आत डफ होता. डफाच्या कातड्याला पाणी लागलं की ते सैल पडतं, वाजवलं तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज येतो. दुपारच्या उन्हात दोन-तीन तास वाळवला तर चढतो पुन्हा, पण पाचला भिजलेला डफ दहाला कसा वाजणार? आठ मिनिटं. पाच वर्षांनी मिळालेली. मावशीचा डफ मांडीवर घेऊन ही मंचावर बसणार, हात उचलणार, आणि खालून येणार ‘थप्प’.

खरं बोलून पाहिलं होतं. अर्ज करून पाहिला होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य मी त्या दिवशी बोललो आणि त्याला कुत्रं विचारेना. आणि खिशात तो कागद. तसा मी माणूस ओळखतो हो. माणूस माणसाच्या शब्दावर जागेवरून हलत नाही. कागदावर हलतो. शिक्का असला तर पळतो.

पैज समोर दिसत होती. फाटक, बादली, अकरा कडवी. मी पेन काढलं.

‘सूचना. उद्या सकाळी लहान मंचावर सादरीकरण असलेल्या सर्व मंडळांनी आपली वाद्यं आज सायंकाळी सातच्या आत मंचामागच्या खोलीत जमा करावीत. वाद्यांना पूर्ण रात्र विश्रांती आवश्यक आहे. उशीर करणाऱ्यांचा क्रम शेवटी लावण्यात येईल.’

इथे थांबायला हवं होतं. पण हात थांबेना. खाली लिहिलं, ‘प्रत्येक वाद्यासोबत एक उशी आणावी.’

पाण्याच्या टाकीजवळच्या फलकावर कागद टाचला आणि लांब जाऊन चपलेचा पट्टा दुरुस्त करत बसलो. दहा मिनिटांत पहिली हालचाल झाली. कोण? डॉक्टर! कागद दोनदा वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं आणि तंबूकडे पळत सुटले. “मास्तर! उठा! शेवटी टाकतील आपल्याला! उश्या काढा!” ज्या माणसाचा डावा बूट पॉलिशसकट फसला होता, तोच माणूस दहा दिवसांनी बासरी उशीवर ठेवून, दोन्ही हातांवर तोलत, रांगेत पहिला उभा होता.

मग काय विचारता! सहा मंडळं आली. ढोल आले, तंबोरे आले, एक भलंमोठं नगाऱ्यासारखं काहीतरी आलं, त्याला तीन उश्या लागल्या. झांजेच्या जोडीला एक उशी की दोन, यावर भांडण झालं. शिक्क्यात सात आकडा होता, म्हणून काही लोक आधीच्या सहा सूचना शोधत मैदानभर फिरत होते. मला वाटलं, आता कचेरीतल्या बाई सगळ्यांना हाकलणार आणि माझं पितळ उघडं पडणार. पण बाईंनी सूचना आणून पाहिली, शिक्का पाहिला, म्हणाल्या, “आपला आहे म्हणजे असेलच,” आणि खोली उघडून नवीन रजिस्टर घातलं. अनुक्रमांक, मंडळाचं नाव, वाद्य, उशीचा रंग.

बायको आली तेव्हा मी तोंड फिरवलं. तिने डफ ठेवला, खाली तिची फुलाफुलांची उशी ठेवली, आणि जाताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पट्टा दुरुस्त करत राहिलो. तो तुटलेलाच नव्हता.

पहाटे पाच वाजता जमिनीतून सूं सूं आवाज आला. मग चौदा पितळी डोकी एकदम वर आली.

काय सांगू तुम्हाला! मास्तर अंथरुणासकट तंबूच्या बाहेर आले आणि दुसऱ्या कारंज्याच्या तावडीत सापडले. डॉक्टर एका हातात वही उंच धरून धावत होते. वाद्यांच्या रिकाम्या तंबूत मधोमध उसळलेलं पाणी छताला लागून चारी बाजूंनी खाली येत होतं. बाजूच्या चौकोनातले एक आजोबा उभ्याउभ्या शांतपणे दात घासून घेत होते, आयतं पाणी आहे म्हणून. पावणेसहापर्यंत हे चाललं. मी? मी कुंपणापाशी दगडावर बसलो होतो, कोरडा. चारपासून.

तो कोरडेपणा बघून सगळे माझ्यावर चालून आले. “मीटर! हे तुमचंच!” डॉक्टरांनी थिबथिबती वही उघडली. “पैज संपली!”

“कचेरीत चला,” मी म्हटलं, आणि अशा काही ताठ मानेने चाललो की काय सांगू.

बाईंनी फाईल उघडली. “आवक सात. काल साडेचार. ‘जमिनीतून पाणी उडण्याचा संभव असून मी त्यास जबाबदार नाही.’ आमच्याकडे नोंद आहे.” अकरा ओली माणसं तो अर्ज आळीपाळीने वाचत उभी राहिली. पाणी टपकायचं आणि शाई फुटू नये म्हणून बाई दर माणसागणिक अर्ज मागे ओढायच्या. मास्तर म्हणाले, “चुकलो आम्ही.” डॉक्टरांनी वहीतली सगळी पेन्सिल खोडली आणि माझा हात हातात घेतला. “मीटर, तुम्ही खरे निघालात. उद्याचा दिवस पार पडला की बादली माझ्या डोक्यावर.”

पैज जिंकल्यातच जमा होती. मी फक्त गप्प बसायचं होतं.

दहा वाजता लहान मंचासमोर शंभरेक माणसं बसली होती, त्यातली निम्मी टॉवेल पांघरून. वाद्यं खोलीतून उश्यांसकट आली, कोरडी ठणठणीत. ही मंचावर बसली. तिने डफ दोनदा मांडीवर सरकवला ते मला तिसऱ्या रांगेतून दिसलं. मास्तरांनी सूर धरला, डॉक्टरांनी बासरी लावली, आणि हिने पहिली थाप मारली.

मी तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं मी तो डफ फडक्याखालून ऐकला होता. त्याचा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं. भरदार, गोल, समोरच्या भिंतीवर जाऊन परत येणारा. माशाच्या कडव्याला लोकांनी माना डोलावल्या, बगळ्याच्या कडव्याला टाळ्या धरल्या, आणि सासूच्या कडव्यापर्यंत ते टॉवेलवाले उभे राहून नाचत होते. ती हसत होती. घामाने कपाळ चमकत होतं आणि ती चक्क हसत होती. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई म्हणाल्या, “कोण हो या?” मी म्हटलं, “माझी बायको.” त्या परत मंचाकडे वळल्या तरी मी आणखी दोनदा सांगितलं.

टाळ्या थांबेनात. बायकोने माईक घेतला आणि म्हणाली, “आमचे तंबू भिजले, पण डफ वाचला. ज्यांनी ती सूचना लावली त्यांचे आभार.”

तोच मेळ्याचे प्रमुख वर आले. गळ्यात तीन ओळखपत्रं. “वाद्यांच्या विश्रांतीची ही कल्पना आमच्या समितीची. पुढल्या वर्षापासून ती कायम करत आहोत.” टाळ्या. “आणि उशी! उशीमागेही एक विचार होता.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहिलो. “काय विचार होता?”

प्रमुखांनी मधलं ओळखपत्र सरळ केलं. “कंपनं. उशीत कंपनं शोषली जातात.”

आणि लोकांनी माना हलवल्या हो! शंभर माणसांनी! माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर कामगिरी, माझ्या बायकोचा डफ वाचवणारी, आणि ती हा तीन ओळखपत्रांचा माणूस कंपनांच्या खात्यात घालणार? पैज गेली खड्ड्यात.

“ती सूचना मी लावली,” मी ओरडलो. “आणि उशीमागे काहीही विचार नव्हता!”

मग मंचावरून डॉक्टर कळवळून म्हणाले, “मीटर, नका हो. सकाळी एवढं नाव कमावलंत. आता दुसऱ्याचं श्रेय कशाला घेता?”

म्हणजे बघा! खोडी काढली नाही तेव्हा काढली म्हणत होते, आणि आता काढलीय म्हटलं तर मानायला तयार नाहीत. हरण्यासाठी मला पुरावा द्यायची वेळ आली! मी धावत जाऊन कचेरीतल्या बाईंना घेऊन आलो, त्यांच्या हातात फाईल, माझ्या हातात फलकावरची सूचना. बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. दोन्हींवर सात. वेळ साडेचार. मग त्यांनी अर्ज उलटा केला, पाठीवर सगळी उलटी अक्षरं. बाईंच्या चेहऱ्याचा रंग बदलला. “एक आकडा दोन कागदांना मी कधीच देत नाही,” त्या म्हणाल्या. “ही पोच आहे. या गृहस्थांच्या अर्जाची. कोरी गेली.”

डॉक्टरांनी खाली बघितलं. ते आपल्या बासरीखालच्या उशीकडे बघत होते. चेहऱ्यावरून लख्ख दिसत होतं, व्याख्येतला शब्द न् शब्द त्यांना आठवतोय. ‘मागाहून आपण उल्लू बनलो असं वाटेल.’

“खोडी?” त्यांनी विचारलं.

“खोडी,” मी म्हटलं. माझी मान इतकी ताठ झाली होती की दुसऱ्या दिवशी अवघडली.

पुढचा रविवार. सकाळचे नऊ. फाटकापाशी आमची इमारत तर होतीच, समोरची होती, दूधवाला होता, पोस्टमन सुट्टी असून आला होता. काकूंनी बादली स्वतः धुऊन आणली होती, तीच निळी. डॉक्टर बासरी घेऊन, मास्तरांची पेटी स्टुलावर, आणि ही पायरीवर बसलेली. डफावर फडकं नव्हतं. चारी मजल्यांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि ती त्या खिडक्यांकडे बघत होती.

मी बादली डोक्यावर घातली. आत अंधार, साबणाचा वास, आणि माझाच श्वास. गाणं सुरू झालं. माशाला विचारून झालं, बगळ्याला झालं. मी नाचलो. चौथ्या कडव्याला गुडघ्याने हाक मारली, सातव्याला कमरेने. लोक ओरडत होते, “मीटर, हात वर!” आणि मी हात वर करत होतो.

दहाव्या कडव्याच्या आधी पेटी जरा लांबली, तेव्हा बादलीच्या कडेशी बायकोचा आवाज आला. “सूचनेत ‘उशी’ हा शब्द वाचला तेव्हाच ओळखलं होतं मी.”

मी नाचता नाचता थबकलो. “आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही पैज हरायला निघालात म्हणजे पाणी नक्की येणार, एवढं कळलं मला. मग डफ नेऊन ठेवला.”

तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं, स्वतः भिजली होती, आणि मास्तरांना अंथरुणासकट भिजू दिलं होतं. चोवीस वर्षांत मला वाटत होतं, घरात खोडकर मी एकटाच.

“नाचा,” ती म्हणाली. “लोक बघतायत.”

सासू आली, वल्हं सापडलं, अकरावं कडवं संपलं. बासरी थांबली, पेटी थांबली. मी बादलीला हात घातला.

डफ थांबला नाही. तिने ताल दुप्पट केला, आणि खिडक्यांकडे तोंड करून, मोकळ्या गळ्याने, नावाड्याचं बारावं कडवं सुरू केलं. आता त्याला एका मीटरवाल्याला विचारायचं होतं.